गंजू दिलेली वेज

भूपेंद्रभाऊंनी गोल्फची एक काठी, वेज, मुद्दाम क्रोमचा मुलामा नसलेली घेतली आणि पावसाळाभर अंगणात गंजू दिली. गंजल्या पात्यावर चेंडूला फिरकी जास्त बसते, फटका हाताला मऊ लागतो, असं त्यांचं ठाम मत.

खंडेनवमीला बायकोने, चारुलताने, केळीचे घड कापायच्या विळ्यासोबत ती वेजही चिंच-राखेने घासून पूजेत मांडली. थकून भिंतीला टेकत ती म्हणाली, "बोटं सोलली, पण चमकली ना?"

भाऊंना खरं सांगवेना. "झकास," ते म्हणाले, आणि पूजा उरकल्यावर त्यांनी वेज गुपचूप मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली.

सकाळी भाऊ गोल्फच्या सामन्याला निघाले, तर चारुलता मोरीत चिंच घेऊन बसलेली.

"चहा घ्या तोवर. मेली एका रात्रीत गंजली, परत घासून देते."