डोळ्यावरची चौकट

"हं, चाला वहिनी. माह्याकडंच पाहत या."

गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या सुभद्राबाई निघाल्या. शालिग्रामने कॅमेरा डोळ्याला लावून बटण दाबून धरलं. सटासट सहा-सात फोटो निघाले. मोठे करून पाहिले, तर मागची भिंत लख्ख आणि सुभद्राबाई धूसर.

मागच्या लग्नात हेच झालं होतं. वरवट बकालात तीस वर्षं स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला मांडवात येणाऱ्या नवरीचा एकही फोटो धड देता आला नव्हता. हार स्पष्ट, चेहरा पुसट. नवरीच्या बापाने अल्बम उघडला, मिटला आणि परत शालिग्रामच्या हातात ठेवला. तेच शालिग्रामला लागलं होतं. स्वतःच्या नजरेचा भरवसा उरला नव्हता, म्हणून त्याने हा मिररलेस कॅमेरा घेतला. हा म्हणे माणसाचा डोळा आपणच हुडकतो. रविवारी नांदुऱ्याला लग्न होतं. त्याआधी हात बसायला हवा होता. त्यासाठी समोर कोणीतरी चालायला हवं, आणि घरात आता दुसरं माणूस नव्हतं. शेवटी त्याने शेजारची कडी वाजवली होती.

"काऊन भाऊ, नाही आला?"

"उभ्या राहता तवा येते. चालू लागल्या का चुकते."

फोकस एकदा धरला की तिथेच अडकून राहत होता. शालिग्रामने चष्मा वर सारून मेनू उघडला. माणसाच्या मागे सतत फिरणारा फोकस लावला, डोळा ओळखायचं चालू केलं.

"या."

सुभद्राबाई आल्या. कॅमेऱ्यातली फोकसची चौकट त्यांच्यावर क्षणभर टेकली आणि उडी मारून भिंतीवरच्या टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या बाईवर जाऊन बसली. त्याने तसं सांगितलं.

"मंग कॅमेरा पाहीनच तिच्याकडं," सुभद्राबाई म्हणाल्या. "दात पाहा तिचे."

शालिग्राम हसला. आपल्या घरात असा हसण्याचा आवाज किती दिवसांत झाला नव्हता, ते त्याच्या उगाच ध्यानात आलं. त्याने फोकसची जागा लहान करून मधोमध आणली.

"पदर जराक मांगं घ्या. डोळे दिसू द्या त्याले."

त्या घुटमळल्या. मग पदर कानामागे सारला.

"या."

त्या येत, पुन्हा टोकाला जात. तो पुन्हा "या" म्हणे. दहाव्या खेपेला चौकट त्यांच्या उजव्या डोळ्यावर बसली ती त्या अगदी समोर येईपर्यंत हलली नाही. एकूण एक फोटो स्वच्छ होता. पापणी न् पापणी मोजून घ्यावी.

"जमलं वहिनी! बसा आता. पाय दुखले असतीन."

सुभद्राबाईंनी फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"पाय त काय, दुखतेच," त्या म्हणाल्या. "हे गेले त्याले चार वर्सं झाले भाऊ, तवापासून मले कोनी या म्हनलं नाही. आज तुम्ही धा खेप म्हनलं."

शालिग्राम कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत राहिला. मान वर केली, तेव्हा त्या गल्लीच्या टोकाकडे निघाल्या होत्या. तिथे पोचून त्या वळल्या, पदर कानामागे सारला आणि त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.