सुई थांबेपर्यंत

सुनेने माळा आवरायला काढला आणि दोरीने बांधलेला कागदांचा गठ्ठा रद्दीत टाकला. माईंनी तो तिथून उचलला आणि पदराने धूळ पुसली.

"अहो आई, तो हवाय होय? मला वाटलं, तुम्ही त्याला सोडचिठ्ठी दिलीत."

"दिली होती. आता पुन्हा नांदवणार आहे."

तो गठ्ठा म्हणजे माईंची तिसरी कादंबरी. लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईची. तिची मुलगी भांडून घर सोडते, तिथे येऊन अडलेली. आधीची दोन पुस्तकं लोकांनी वाचली, वाखाणली. तिसरं अर्ध्यावर असताना लेखणी रुसली, असं घरात सगळे म्हणत. खरं कारण माईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर लोक हसले असते.

कारण होतं नणंदेची सुई.

माई लग्न होऊन आल्या, तेव्हापासूनची ती रीत. सकाळी लिहायचं आणि दुपारी वन्संना वाचून दाखवायचं. वन्सं खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्यांवर फुलं भरायच्या. बरंवाईट काही बोलायच्या नाहीत. पण मजकूर जमला, की त्यांची सुई कापडात अर्धी रुतून तशीच थांबायची. फसला, की टाके चालूच. त्या सुईच्या भरवशावर माईंनी दोन पुस्तकं लिहिली. जिथे ती थांबली नाही, ते पान फाडलं आणि पुन्हा लिहिलं.

तिसऱ्या पुस्तकात मात्र सुई थांबायचीच बंद झाली. माईंनी जीव ओतून लिहावं आणि सुईने आपली वाट धरावी. वाचून झालं, की वन्सं मान वर करून म्हणायच्या, "छान." उभ्या जन्मात ज्या बाईच्या तोंडून कधी छान निघालं नाही, तिचं ते छान माईंच्या काळजाला लागलं. जवळच्या माणसाने कीव करावी, तसं. गठ्ठा माळ्यावर गेला आणि दुपारचं वाचन संपलं.

आता मात्र त्यांनी कंबर कसली. सकाळी सगळे आपापल्या कामाला गेले, की जेवणाच्या टेबलावर कागद पसरायच्या. मान आखडली की गरम पाण्याची पिशवी घ्यायची आणि पुन्हा बसायचं. मुलगी परत येते ते प्रकरण काही केल्या जमेना. रडारड लिहिली, खोडली. लांबलचक बोलणी लिहिली, तीही खोडली. शेवटी एवढंच ठेवलं: मुलगी दारात उभी राहते. आई तिच्या हातातली पिशवी घेते, आतले चुरगळलेले कपडे बाहेर काढते आणि एकही शब्द न बोलता एकेकावर इस्त्री फिरवू लागते.

लिहून झालं, तेव्हा माईंच्या अंगावर काटा आला.

"उद्या वन्संना बोलाव," त्या सुनेला म्हणाल्या.

"जाऊनच सांगावं लागेल. आत्या फोन कुठे उचलतात?"

"फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही म्हणे. एकेकाची तऱ्हा."

"आणि आवडलं नाही तर? त्या म्हणजे तुमचं हायकोर्ट."

"तर जाईल रद्दीत. पण अर्धवट म्हणून नाही, पुरं होऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या. हातात तीच शिवणाची पिशवी. स्वयंपाकघराकडे पाठ करून, माईंच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसल्या.

"खिडकीशी बसा की. तिथे उजेड आहे."

"इथेच बरी. तू दिसतेस."

"चहा आधी घेता, की वाचून झाल्यावर?" मान खाली घालून कागदांखाली चष्मा शोधता शोधता माईंनी विचारलं.

"हो हो, सावकाश. मला कुठे घाई आहे?"

माईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मुलगी दारात आली. आईने पिशवी घेतली. शेजारी कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या सुनेचे हात थांबले. तिने नाक ओढलं.

वन्संची सुई मात्र वर, खाली, वर, खाली.

सुई थांबो न थांबो, माईंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. कागद खाली ठेवले.

वन्संनी मान वर केली. क्षणभर माईंच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं.

"छान," त्या म्हणाल्या आणि सुईत नवा दोरा ओवू लागल्या.

"आत्या, अहो..." सून काही बोलणार होती. माईंनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. गठ्ठा उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या. शब्द म्हणजे शब्द. ओट्याखाली रद्दीची चळत होती, तिच्यावर त्यांनी तो ठेवला. दोरी बांधली नाही. डोळे भरून आले होते, नीट दिसत नव्हतं. चहाचं भांडं घ्यायला हात वर केला आणि फळीला धक्का लागला.

फळीवरची स्टीलची सगळी ताटं फरशीवर कोसळली. घर दणाणलं. बाहेर सून किंचाळून उठली. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून ओरडल्या, "अहो, काय पडलं? लागलं का कुणाला?"

एक ताट गरागरा फिरत राहिलं होतं. ते स्थिरावेपर्यंत माई दारात आल्या आणि तिथेच खिळल्या.

समोर वन्सं पाठमोऱ्या बसल्या होत्या. अभ्र्यावरचं फूल पुरं करत होत्या. सुई थांबली नव्हती.