एका टनाचं दार

"ह्या दारानं घोळ केलाय बघा, मालक," मधल्या खोलीत टेप धरून उभा असलेला एसीवाला भारत म्हणाला. "खोली बारकी हाय. एक टन बास झाला असता. पण पलीकडं तुमची शेगडी. दार उघडं ऱ्हायलं तर तिची सगळी धग हिकडं येणार. मग दीड टनाचा घ्यावा लागंल."

पलीकडं, म्हणजे स्वयंपाकघरात, भुवनेश्वरी भाकरी थापत होती. डोक्यावर पत्रा, पुढ्यात गॅसची मोठी शेगडी आणि बाहेर सोलापूरची एप्रिलातली दुपार. ती भाकरी करून विकायची; आजची ऑर्डर कडक भाकरीची होती. भाकरी भाजून झाली तरी काम संपत नाही; पापडासारखी कडक होईपर्यंत मंद आचेवर शेकत बसावं लागतं. गेल्या सोमवारी याच शेगडीपुढं ती घेरी येऊन पडली होती. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, संगमेशनं जाहीर केलं, घरात एसी आणायचाच. आणि सांगून गप्प बसेल तर तो संगमेश कसला! सगळ्या शुक्रवार पेठेत डांगोरा पिटून आला, "बायकोसाठी एसी घेतोय."

"दुपारच्याला खोलीत माणसं किती असतात?" भारतनं विचारलं. "माणसांची बी गरमी धरावी लागती."

"मी आन अव्वा," संगमेश म्हणाला. "आन हां, सुट्टीत पुण्याहून लेक येती. ती धरा. तीन."

"आन वहिनी?"

"ती कुटं येती हितं? ती तिकडंच असती की."

"तिला सवय हाय," कॉटवर पडलेल्या त्याच्या आईनं, शिवम्मानं सुनेच्या वतीनं सांगून टाकलं.

"मग वहिनींना धरत न्हाय," भारत म्हणाला. "शेगडी तेवढी धरतो."

भुवनेश्वरीचा परातीतला हात थांबला. तळपायाची आग मस्तकात गेली. वा रे वा! पुण्यातली लेक धरली, भिंतीपलीकडची शेगडी धरली, आणि शेगडीपुढं रोज भाजून निघणारी बाई तेवढी वगळली. जिच्या नावानं एसी येतोय तीच हिशेबात नाही!

"अहो," ती आतूनच ओरडली, "दीड टनाचाच सांगा. दार उघडं ऱ्हाऊ द्या. मला बी जरा वारं लागंल."

"तुला काय कळतंय त्यातलं?" संगमेश म्हणाला. "एवढ्याशा खोलीला एवढं मोठं मशीन कशाला उगं? दार लावलं की काम झालं."

"मग स्वयंपाकघरात धग भाईर फेकणारा पंखा तरी बसवा, मालक," भारत म्हणाला.

"ते बघू दिवाळीनंतर."

"आमच्या वेळंला कुटं होता पंखा?" शिवम्मा कुशीवर वळली. "चुलीफुडं जल्म गेला. आमी काय मेलो का?"

ते दार कधी कुणी लावतच नसे. भाकरीच्या चळती दिवसभर इकडून तिकडं जायच्या, म्हणून ज्वारीचं पोतं लावून ते उघडंच ठेवलेलं असायचं. संगमेशनं पोतं ओढून बाजूला केलं. दोन्ही हातांनी जोर लावला. करकरत, अडखळत दार एकदाचं बसलं.

"आता बोल!"

"आता एक टन. फिक्स!"

मधल्या खोलीच्या खिडकीतून जी काही झुळूक यायची, तीसुद्धा गेली. तव्याची वाफ पत्र्याला लागून खाली यायला लागली. भुवनेश्वरीच्या हनुवटीवरून घाम परातीत पडेल म्हणून तिनं तोंड बाजूला केलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते काय खोटं नाही. पलीकडं मात्र मशीन पांढरं घ्यावं की चंदेरी, यावर मायलेकांचं रंगलं होतं.

"वहिनी," निघता निघता भारत दाराआडून म्हणाला, "मशीन बसलं की दार सारखं उघडू नका बरं का. गारवा जातो."

"न्हाय उघडत," ती म्हणाली.

भारत गेला. एका टनाचं ठरवून संगमेश कॉटच्या कडेला ऐसपैस टेकला. एवढं मोठं काम केल्यावर भूक लागणारच.

"भुवना, ताटं वाढ गं! पोटात कावळे ओरडायलेत."

आतली थपथप थांबली. मग कडी सरकल्याचा आवाज आला.

भुवनेश्वरीनं शेगडी बंद केली. बोळाकडचं मागचं दार सताड उघडलं आणि पायरीवर सावलीला जाऊन बसली. सोबत एक गरम भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार आणि हातानं फोडलेला कांदा. या घरात सगळ्यांच्या आधी ती आजवर कधी जेवली नव्हती. पहिला घास तिनं सावकाश चावला. राग काही कमी झाला नाही, पण भाकरी गोड लागली.

दारावर थाप पडली. मग धक्का. मग दोन्ही हातांनी धक्के.

"अगं, कडी का लावलीस? उघड की! अव्वा उपाशी हाय!"

तिनं कांद्याची पाकळी तोंडात टाकली. घास गिळला. मग भिंतीपलीकडच्या कॉटपर्यंत जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"उघडं दार दीड टनाला असतंय की! तुमी तर एकच सांगितलाय."