मऊ शब्द

लेकीला भरवता भरवता तिच्या हातातला चमचा फरशीवर खणकन पडला. लॅपटॉपवर चाललेल्या मीटिंगच्या सगळ्या चौकटींतली शांतता मोडली.

"मॅडम, काही सुचलं वाटतं?" डॉक्टर म्हणाले.

हे डॉक्टर माणसांचे नव्हते, आजारी कंपन्यांचे होते. साबणाचा खप घसरत चालला, तेव्हा एका गुंतवणूक फंडाने कंपनी विकत घेतली आणि यांना धाडलं. आल्या आल्या त्यांनी वडीच्या पोटाला खळगा पाडला. खोकं तेवढंच, किंमत तीच, वर ठळक अक्षरांत 'आता हातात छान बसते!' खप आणखी घसरला. मग डॉक्टरांनी निदान बदललं. दुखणं साबणात नाही, माणसांत आहे.

कुणाकुणाला कमी करायचं ते ठरलं होतं; आज फक्त शब्दापाशी अडलं होतं. 'काढून टाकणं' त्यांच्या नाजूक कानांना टोचत होतं. वेष्टनावरचं गोडगोड तीच लिहायची, म्हणून सगळे तिच्याकडे बघत होते. माइक चुकून चालूच राहिला होता. ती काही बोलणार, तेवढ्यात मांडीला खेटून उभी असलेली लेक गळ्यातल्या रुमालाची गाठ ओढत किंचाळली, "आई, मोकळं कर ना मला!"

"वा!" डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "हाच शब्द! आपण कुणाला काढत नाही, मोकळं करतो. मॅडम, शब्द तुमच्या घरचा, तर पहिला फोनही तुमचाच. पॅकिंगच्या ताईंना लावा."

ताई. तिच्या बाळंतपणात ऑफिसातल्या तिच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला टेकूही न देणाऱ्या, लेकीच्या लाडक्या मावशी झालेल्या ताई. 'मला नाही जमणार' अगदी जिभेवर आलं. पण असं म्हणणारेच आधी जातात, हे तिने पाहिलं होतं. तिने लेकीची गाठ सोडवली आणि फोन लावला.

"ताई, कंपनी तुम्हाला... मोकळं करतेय."

"मोकळं?" ताई हसल्या. "अगं, मी काय खुंट्याला बांधलेली होते?" मग त्यांचा आवाज उतरला. "तुला सांगायला लावलं होय मेल्यांनी! असू दे. जेवलीस का तू?"

तिने फोन ठेवला. डोळे पुसायच्या आत लेक टाळ्या पिटत समोर आली.

"म्हणजे मावशी आता रोज दिवसभर घरी? मज्जा! आई, तुझा नंबर कधी?"