उत्तरेचं दार

प्रार्थना संपली, खांदेकऱ्यांनी पेटी उचलली, तशी रेजिना मान उंचावून पाहू लागली.

वसईजवळच्या गावातलं हे चर्च पोर्तुगीजांच्या काळातलं. इथे मृताची पेटी आधी उत्तरेच्या कोऱ्या भिंतीपाशी नेत, क्षणभर थांबत आणि मग माघारी वळवून मोठ्या दाराने बाहेर काढत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रेजिना जुन्या वास्तूंचा इतिहास अभ्यासणारी. तिने उन्हाळ्यात गिलावा खरवडला, तर आत चिणलेली कमान निघाली. भिंतीपलीकडे पूर्वी दफनभूमी होती. ती पुढे रस्त्याकडे हलवली, दार बुजवलं. पायांची सवय तेवढी उरली. तिच्या आग्रहावरून फादरनी दार मोकळं केलं. कैक पिढ्यांनी आज पहिली पेटी तिथून सरळ बाहेर जायची होती.

खांदेकरी उघड्या दारापाशी आले. क्षणभर थांबले. आणि नेहमीसारखे माघारी वळले.

“अहो, दार उघडं आहे!” रेजिनाच्या तोंडून निघून गेलं.

नवऱ्याच्या पेटीवर हात ठेवून चालणारी म्हातारी कोंसूबाई तिच्यापाशी थांबली.

“दिसतंय गं बाय. पण हे सरळच निघून गेले, तर मागे वळून आम्हांला बघतील कधी?”