न बदलणारी खूण

पाहुण्यानं पाणी मागावं, घरातल्यानं ते द्यावं, एवढी साधी रीत. प्रेरणाला ती नव्हती. रविवारी दुपारी आली की चपला दारात भिरकावायची, सरळ स्वयंपाकघरात शिरायची, माठातून तांब्या भरायची आणि उभ्यानंच घटाघटा प्यायची. चहा बशीत ओतून फुरके मारायची. नाकात चमकी, तीही उजवीकडं. चार बायकांत कसं दिसतं याचं भान नाही. वर दगडाबाईला ‘आजी’ म्हणायची. तिशी उलटलेल्या बाईची आजी व्हायला दगडाबाई काय शंभरीची होती?

हे सगळं दगडाबाई आपल्या नातीला, तनुजाला, दर रविवारी ऐकवायची. तनुजा म्हणायची, मग तूच तर तिला घरी बोलावलंस.

तेही खरं होतं. औरंगपुऱ्यात एका पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर प्रेरणा कॉलेजच्या पोरांना एक खेळ खेळवायची. तनुजा कॉलेजातून परस्पर तिकडं जाते हे कळल्यावर दगडाबाई रिक्षा करून गेली, ती तमाशा करायच्याच तयारीनं. दारातून तिनं खेळ चालवणाऱ्या प्रेरणाकडं बघितलं. चौकट धरून तिथंच टेकली. मग म्हणाली, खेळायचं तर उस्मानपुऱ्यात आमच्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर, आणि तेही रविवारी. रविवारी तिचा मोठा मुलगा, तनुजाचा बाप रामकिसन, आणि सून देवगाव रंगारीला शेतावर जायचे.

खेळ म्हणजे पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिल आणि वीस तोंडांचा फासा. प्रेरणा गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचं, आणि अडलं की फासा टाकायचा.

त्या रविवारी बाकीची पोरं आली नव्हती. तनुजाचं जुनं पात्र मागच्या डावात मेलं होतं. तिला नवं करायचं होतं: राक्षसांची शिकार करणारा, हवं ते रूप घेणारा शिकारी. रूपं तिनं झरझर लिहिली. घुबड, लांडगा, म्हातारा. मग एका जागी अडली. प्रेरणानं सांगितलं, शिकाऱ्यानं कुठलंही रूप घेतलं तरी अंगावरची एक खूण बदलत नाही. ती कोणती, आणि कशी पडली, ते ठरवायचं.

तनुजानं तीळ सुचवला, मग भाजल्याचा डाग.

"नाकाला भोक लिही," खाली बसून मेथी निवडणारी दगडाबाई म्हणाली.

तनुजाला हसू आलं. शिकारी पुरुष होता.

"पुरुष हाय म्हणूनच."

आणि निवडता निवडता तिनं सांगून टाकलं. शिकाऱ्याच्या आधीची दोन लेकरं राक्षसानं पाळण्यातूनच नेली. हा झाला तशी आईनं बाराव्या दिवशी त्याचं नाक टोचलं. नाव ठेवलं फकिरा, म्हणजे राक्षसाला वाटावं, हे कुणीतरी टाकून दिलेलं. पाच वर्षांचा होईतो त्याला परकर नेसवला, वेण्या घातल्या. राक्षस दारात आला, पोरगी दिसली, माघारी गेला.

तनुजाची पेन्सिल थांबली. फकिरा तिच्या काकाचं नाव. ती सहा वर्षांची असताना तो घर सोडून गेला, त्याला अकरा वर्षं झाली. घरात त्याचा फोटो नव्हता, त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. पण हे जुनं घर विकून बीड बायपासला फ्लॅट घ्यायचं रामकिसननं तीनदा काढलं होतं आणि तीनदा दगडाबाईनं मोडलं होतं. पत्ता बदलला तर त्यानं शोधायचं कुठं, एवढंच ती म्हणायची.

तनुजानं कागदावर खूण लिहून घेतली.

मग प्रेरणानं मान वर न करता विचारलं, या शिकाऱ्याला भीती कशाची?

"आईच्या उंबऱ्याची," दगडाबाई म्हणाली. "तिच्या तोंडाला हाड नव्हतं. एकदा तो लुगडं नेसून दारात आला, तर म्हणली, सोंग उतरव, मग घरात ये. तो गेला."

प्रेरणा बराच वेळ कागदावर एकच रेघ गिरवत राहिली. मग म्हणाली, तो परत आलाच तर आई त्याला ओळखेल का, हे फाशावर ठरवू. पंधराच्या वर पडलं तर ओळखते.

तनुजानं फासा आजीच्या हातात दिला. दगडाबाईनं तो मुठीत घट्ट धरला, कपाळाला लावला, आणि टाकला. तो मेथीच्या काड्यांत जाऊन थांबला.

तीन.

तनुजा हळहळली, पुन्हा टाकू म्हणाली. प्रेरणा म्हणाली, पडला तो पडला. ती कागद आवरायला लागली, आणि सहज आठवल्यासारखं सांगितलं की तिची पुण्याला बदली झालीय. पुढच्या रविवारपासून खेळ दुसरं कुणीतरी चालवील. तनुजा रडवेली झाली. प्रेरणानं तिच्या डोक्यावर टपली मारली. आज ती माठाकडं गेली नाही. चपला शोधून पायात घातल्या.

"येते, आजी."

दगडाबाई उठली. ओच्यातली मेथी सगळी फरशीवर सांडली. ती दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर, दाराला हात आडवा लावून उभी राहिली.

"तुझा फासा खोटा हाय. सगळ्या बाया चमकी डाव्या नाकात घालतेत. तुझं उजवं मीच टोचलंय, त्याला आता इलाज नाय. चपला काढ, भाकरी टाकते, जेवल्याबिगर जायचं नाय. आन् परत मला आजी म्हणलीस तर याद राख."