बिडकरांचा डबा

बायकोचं दिवसकार्य उरकून बिडकर ऑफिसात आले, तेव्हा सगळे हळू आवाजात बोलू लागले. कुणी खुर्ची पुढे केली, कुणी चहा आणून दिला. बिडकर प्रत्येकाला थँक्यू म्हणत राहिले.

दुपारी टेबलावर डबे उघडले. एरवी झाकण निघताच वहिनींच्या भाजीवर सगळे तुटून पडत. आज कुणी हात पुढे करेना.

"घ्या ना, मीच केलीय बटाट्याची," बिडकर म्हणाले. मग प्रत्येकाने अदबीने एकेक फोड उचलली.

"छान झालीय हो."

"अगदी वहिनींसारखी!"

बिडकर थँक्यू म्हणाले आणि खाली मान घालून जेवू लागले.

बदलीच्या भांडणापासून त्यांच्याशी अबोला धरलेल्या सुर्वेबाईंनी न विचारताच त्यांच्या डब्यात चमचा घातला. "बिडकर, मीठच नाही की हो यात!"

सगळे चपापले. बिडकरांनी डब्यात पाहिलं. अर्धी भाजी त्यांनी खाल्ली होती. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

सुर्वेबाईंनी आपलं लिंबाचं लोणचं त्यांच्या पोळीवर वाढलं. ते तोंडात गेलं तशी जीभ चरचरली, डोळे भरून आले आणि सकाळपासून पहिल्यांदाच बिडकर थँक्यू म्हणायला विसरले.